अकरा दिवस

वहीत त्या तारखेखाली तीनच शब्द आहेत, माझ्या हातचे:
बूट नवे. विचारणे.
पुढच्या पानावर कॅरमच्या पावडरचा हिशेब,
मग संडासाच्या चावीवरून झालेलं भांडण, मग लसीकरण.
'विचारणे' अकरा दिवस तसंच बसून राहिलं
समासाला टेकून,
कोणी न्यायला न आलेल्या पोरासारखं.

अँटॉप हिलच्या आमच्या खोलीत दोन कॅरम, एक पंखा,
आणि बिल्किसआपांचा डबा, जो कधीच एकटीपुरता नसतो.
तो चारच्या सुमाराला यायचा.
नाव सांगणार नाही. कायदा सांगू देत नाही,
आणि दिलं असतं तरी मी सांगितलं नसतं.
तेरा वर्षांचा. स्ट्रायकर असा सोडायचा
की राणी आपल्या पायांनी चालत गेल्यासारखी जायची.
मग बूट आले.
मग राणी चुकायला लागली.

बूट देणारा वस्तीत सगळ्यांचा.
मैदानावर त्याची शिट्टी,
पंधरा ऑगस्टला त्याची बिस्किटं.
पोराच्या आईने त्याला राखी बांधलेली.
आमच्या पत्र्यावरची ताडपत्रीसुद्धा त्यानेच दिलेली,
आभाराचं पत्र मी टाइप केलं होतं,
'आपल्यासारख्या माणसांमुळेच' वगैरे.

बाराव्या दिवशी मी एवढंच म्हटलं,
बूट चावतात का रे?
तो खाली बघत म्हणाला, चावतात.
बराच वेळ आम्ही पंखा ऐकला.
मग म्हणाला, ताई, कोणाला सांगणार नाही ना?

इथे जीभ सवयीने घसरते.
नाही रे राजा, शप्पथ —
ओठांवर आलेलं गिळलं.
म्हटलं, सांगणार.
एकटीने पोटात ठेवून तुला सांभाळता येणार नाही मला.
पण कोणाला सांगायचं, ते आधी तुला सांगेन.
तो उठला. दारापर्यंत गेला.
एका बुटात पाय घातला. काढला.
परत आला.

पुढचं इथे लिहीत नाही.
ते एकदाच लिहिलंय, त्याच्याच शब्दांत.
दुसऱ्याचं वाक्य सरळ करायची खोड आहे मला,
त्या दुपारी एक काना हलवला नाही.

नंतरची कामं कोरडी.
कुंभारे बाई साध्या ड्रेसमध्ये आल्या, वर्दी पिशवीत.
बापाला गल्लीत नेऊन सांगावं लागलं,
'मुलाच्या जातीला काय होतंय' हे वाक्य
घरात पुन्हा नको, निदान त्याच्या कानावर नको.
आदल्या दिवशी कोर्टात जाऊन पडदा बघून आले,
खुर्ची कुठे, पाणी कुठे, बाथरूम कोणत्या हाताला,
कारण तो तेवढंच विचारत होता.
वस्तीने ताडपत्री उतरवून नेली.
दारावर कोणी काय लिहिलं होतं मला अजून माहीत नाही,
आपांनी माझ्या आधी येऊन पुसलं.

आता कॉलेजातून मुलं येतात शिकायला.
लक्षणांची यादी मागतात.
देते. यादी चांगली आहे.
मग वही उघडून ते पान दाखवते.
तन्वेश नावाच्या एकाने विचारलं,
मॅडम, त्या अकरा दिवसांत काय काय झालं असेल?
फाईलमध्ये तारखा आहेत. मला पाठ आहेत.
मी म्हटलं, पावडरचा हिशेब जुळला होता.

तो आता सतराचा. अधूनमधून येतो,
कॅरमला हात लावत नाही,
भिंतीला टेकून बारक्यांचा खेळ बघतो.
परवा जवळ येऊन हळूच म्हणाला,
ताई, खिडकीजवळच्या त्या पोराकडे नवा फोन आहे.

मी वही उघडली नाही.
उठले.